बिबट्याची फाइल आणि गुरुवारची लाइट

“भाऊ, बिबट्याचा व्हिडिओ काय उघडंना. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करू का?”

“अजिबात नाही! हात लावू नका!” मी फोनवर ओरडलोच.

पलीकडे सुनंदाताई होत्या, आळेफाट्याच्या एका खासगी हॉस्पिटलच्या रिसेप्शनिस्ट. तिथल्या अकरा कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे आहे. मी राहतो नारायणगावात. सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि वार गुरुवार. म्हणजे अकराला लाइट जाणार.

आधी भानगड सांगतो. बऱ्याच फाइली एकत्र बांधून एकच फाइल करतात, गाठोडं बांधतात तसं. ते सोडायला एक सॉफ्टवेअर लागतं. त्याच्या जुन्या व्हर्जनमध्ये एक भोक सापडलं होतं. कुणी मुद्दाम तसं गाठोडं पाठवलं, तर ते सोडताना त्यातला एक प्रोग्रॅम गुपचूप भलत्याच जागी जाऊन बसायचा. कॉम्प्युटर सुरू होताना जे जे आपोआप चालतं, त्या यादीत. लगेच काही होत नाही. पुढच्या वेळी मशीन चालू झालं की तो उठतो आणि सगळ्या फाइलींना कुलूप घालतो. भोक बुजवणारं नवं व्हर्जन, म्हणजे पॅच, आलेलं होतं. पण हे सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होत नाही. प्रत्येक मशीनवर बसून हाताने टाकावं लागतं.

त्यासाठी मी मॅनेजर ढोबळेंच्या तीन आठवडे मागे लागलो होतो. दर वेळी एकच उत्तर. “चालतंय ना राव? मग कशाला हात लावायचा?”

“ताई, फाइल आली कुठून?” मी विचारलं.

“हॉस्पिटलच्या मेलवर. आणे गावात बिबट्या, सीसीटीव्ही, आसं नाव व्हतं. माझी पोरगी तिथंच शाळंला चालत जाती, भाऊ. न बघून कसं चालंल?”

त्यांना मागची इंटरनेटची वायर काढायला सांगितली आणि ढोबळेंना फोन लावला. “साहेब, आज लाइट जाणार. त्याआधी ताईंच्या कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवा.”

“पेशंट बसलेत राव. आन् लाइट गेली तर जनरेटर हाय की!”

जनरेटरच तर नडणार होता. लाइट गेली की मशीन बंद आणि जनरेटर लागला की मशीन पुन्हा चालू. आपोआप चालू व्हायचं सेटिंग मीच करून दिलं होतं, स्टाफची रोजची कटकट नको म्हणून. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या मेलेल्या. नव्या बॅटऱ्यांचा अर्ज ढोबळेंच्याच ड्रॉवरमध्ये पडून होता.

पावणेदहाला पोचलो. ढोबळे दारातच तापलेले. “गरोदर बायांच्या सगळ्या तपासण्या त्यात हायेत. घालवल्या हिनं! दुपारीच घरी बसवतो हिला.”

सुनंदाताई काउंटरमागे डोळे पुसत होत्या. नऊ वर्षांची नोकरी एका क्लिकवर जायची वेळ आली होती. माझं डोकंच फिरलं. “साहेब, आधी बाजूला व्हा,” म्हटलं आणि खुर्चीत बसलो.

प्रोग्रॅम यादीत होताच, साळसूद नाव घेऊन. तो उडवला, तपासण्यांच्या नोंदी माझ्या हार्ड डिस्कवर घेतल्या. मग डोक्यात आलं, हॉस्पिटलचा मेल तर सगळ्याच मशीनवर उघडतो. मेडिकलमध्ये गेलो. तिथेही तोच. लॅबमध्येही. ढोबळेंच्या केबिनमध्ये तर फाइल दोनदा उघडलेली.

“आवो, पैल्यांदा काय दिसलंच न्हाई,” ढोबळे पुटपुटले. “आमचा मळा हाय ना तिकडं.”

दोन मशीन बाकी असताना लाइट गेली. आता मात्र ढोबळे स्वतः पळाले आणि जनरेटर लागायच्या आत दोन्हींचे प्लग उपटले. पेशंट तेव्हाही बसलेले होते, पण आता चालत होतं. ती दोन मशीन मी पेन ड्राइव्हवरून चालू करून साफ केली, म्हणजे तो प्रोग्रॅम उठायलाच नको.

हॉस्पिटल ज्यांचं, त्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, “एकूण किती जणांनी उघडली?”

“आठ मशीनवर, मॅडम. तुमच्याही.”

मॅडम ढोबळेंकडे वळल्या. “ढोबळे, मग सुनंदाला एकटीला कसं घरी बसवणार? आपण सगळेच जाऊ.”

विषय संपला. सुनंदाताईंनी पुढचा नंबर पुकारला. संध्याकाळपर्यंत अकराही मशीनवर पॅच टाकला. तीन आठवडे जे अडवून ठेवलं होतं, ते काम मशीनमागे पाच मिनिटांचं निघालं.

ढोबळेंनी भिंतीवर सूचना लावली, ‘अनोळखी फाइल उघडू नये. हुकुमावरून.’ पंधरा दिवसांत तसलीच दुसरी फाइल आली. सूचनेखाली बसून पाच जणांनी ती उघडली. एकट्या सुनंदाताईंनी ती न उघडता मला पाठवली. “भाऊ, बघता का जरा?”

फाइलच्या नावात आमच्या गावाकडच्या वाडीचं नाव होतं. आमची आई पहाटे धार काढायला गोठ्यात एकटीच जाते. मी कसली तपासणी करतोय? सरळ उघडली.

काही झालं नाही. माझ्या लॅपटॉपवर पॅच होता म्हणून निभावलं. अक्कल त्या क्षणी जाग्यावर नव्हतीच.