अर्ध्या ट्रेवरचं झाकण

नळदुर्गला आमच्या घराजवळच्या बेकरीत भट्टी सांभाळणाऱ्या चाचांचं नाव मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. दिवाळीआधी गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी नानकटाई भाजून घ्यायला त्यांच्याकडंच जातो. बोलताना ते आपल्याकडं बघत नाहीत. भट्टीच्या तोंडाशी तळहात धरून आच जोखतात आणि तिच्याशीच बोलल्यासारखं बोलतात.

गेल्या महिन्यात मी वेगळाच ट्रे नेला. खाली बिया काढलेल्या पेरूच्या फोडी आणि वर तूप-गुळात चोळलेले ओट्स. मोबाईलवर बघून केलं होतं.

"वरचा थर कुरकुरीत झाला पायजे, चाचा."

"खाणार कोण?"

"आमचे अप्पा. दुखण्यातून उठल्यापासून जेवतच न्हाईत."

"दात हायेत का त्यांना?"

बियांचा विचार केला होता, ओट्सचा केलाच नव्हता.

चाचांनी अर्ध्या ट्रेवर पत्र्याचं झाकण ठेवलं आणि ट्रे आत सरकवला. म्हणाले, "झाकलेलं मऊ ऱ्हाईल, ते त्यांचं. उघडं तुमचं. पण शेजारी बसून खावा. एकट्याला घास न्हाय उतरत."

एवढं बोलतानाही त्यांची पाठच होती. त्यांच्या घरी जेवायला कोण असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारवलं नाही.

संध्याकाळी अप्पांनी मऊ बाजूचे दोन चमचे खाल्ले आणि थांबले. मी शेजारी बसून माझी बाजू खात होते.

"लई वाजतंय गं तुझं," अप्पा म्हणाले. "माझी कवळी कुठं ठेवलीस?"