मामाचा आहेर

ती घटना मला आजही आठवते, आणि हमखास कुणाच्यातरी लग्नात आठवते. गुरुजी माइकवरून ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’ म्हणतात आणि मी मुठीत अक्षता घेऊन भलतीकडेच पोचतो. माझी बायको ते लगेच ओळखते आणि कोपरानं ढोसते.

निवृत्तीआधीची काही वर्षं मी लाचलुचपतीचे तपास करणाऱ्या शाखेत होतो. तिथं येणारे निम्मे फोन निव्वळ जळफळाटाचे असतात. तरी प्रत्येकाची नोंद करायची, पडताळणी करायची, मगच बोलायचं, ही पद्धत. एका दुपारी असाच निनावी फोन आला. महापालिकेच्या एका विभाग कार्यालयात खानावळींचे परवाने पाहणाऱ्या लिपिक बाईंनी मुलीच्या लग्नात एका खानावळवाल्याकडून सोन्याच्या पाटल्या घेतल्या, असं तो माणूस म्हणाला. त्याच खानावळीचा परवाना बाईंच्या टेबलावरून नूतनीकरण होऊन गेला होता. इथवर नेहमीचं होतं. पण खबर देणारा माणूस मालावर बोलतो, आणि हा पाटल्यांवर फार थांबलाच नाही. गुरुजींनी मुलीच्या मामाला हाक मारली आणि तो उपटसुंभ खानावळवाला पुढे झाला, हेच त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि फोन ठेवला.

पडताळणीला पायपीट पडली नाही. बाई लालबागच्या एका चाळीत राहत होत्या आणि खानावळ त्याच चाळीच्या तळमजल्याला होती. लग्नाचे फोटो अर्ध्या चाळीच्या मोबाइलवर होते. त्यात नवरी अंतरपाटापाशी उभी, हातात पाटल्या, आणि तिच्या मागं फेटा बांधलेला खानावळवाला. लाच देणारा माणूस फेटा बांधून फोटोत उभा राहत नाही, हे माझ्या मनात तेव्हाच आलं. पण मनात आलेलं पंचनाम्यात लिहिता येत नाही.

बाईंना जबाबासाठी बोलावलं. निवृत्ती जवळ आलेली, नवरा गेलेला, पुढचं सगळं आयुष्य पेन्शनवर. त्या घाबरल्या नव्हत्या, बुचकळ्यात पडल्या होत्या. आहेर कार्यालयाला का कळवला नाही, असं मी विचारलं. जवळच्या नातेवाइकाकडून रिवाजाप्रमाणे आहेर घेता येतो, हा नियम त्यांनी मला पाठ म्हणून दाखवला. मी म्हटलं, तो पाठ आहे ते बरं, पण तोही मर्यादेपलीकडचा असला तर कळवावा लागतो, आणि मुळात हे नातेवाईक कसे?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘साहेब, भाऊ आहे तो माझा. कोकणातून आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. माझ्या आईच्या हातचं जेवून मोठा झाला. मामाचा आहेर कुणी साहेबाला विचारून घेतं का?’

मानलेला भाऊ नियमात बसत नाही, हे त्यांना खरोखरच कधी सुचलं नव्हतं. परवान्याचं कामही त्यांनी इतरांसारखंच केलं होतं, एक दिवस अलीकडे नाही की पलीकडे नाही. उलट एका त्रुटीसाठी त्याला परत पाठवलं होतं.

खानावळवाल्याचा पहिला जबाब साधा होता. ‘भाचीचं लग्न. मी मामा. मी नाय देणार तर कोण देणार, साहेब?’ मग कुणीतरी त्याला शहाणपण शिकवलं. दुसऱ्यांदा आला तो पाठ करून आला. म्हणे पाटल्या दिल्याच नव्हत्या, लग्नापुरत्या घालायला उसन्या दिल्या होत्या. मी कपाळाला हात लावला. ज्याचं काम आपल्या टेबलावर आहे त्याच्याकडून उसनंही घ्यायचं नाही, हाच नियम सांगतो. त्यात दोन जबाब दोन तोंडांनी बोलू लागले. बाईंना हे समजलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, आहेरच होता, आहेरच लिहा.

मग फोनवरचा तो ‘मामा’वरचा राग मला आठवला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्हाला सख्खा भाऊ आहे का? आहे, म्हणाल्या. भायखळ्याला असतो. वडिलांच्या खोलीवरून बोलणं तुटलं. लग्नाची अक्षत घेऊन त्या स्वतः गेल्या होत्या, त्यानं दार उघडलं नव्हतं. फोन त्याचा होता का, हे त्यांनी मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

तो स्वतःच आला. तपास होईपर्यंत बाईंना निलंबित केलं होतं, ती बातमी कानावर गेल्यावर आमच्या जिन्यात तासभर बसला होता. तक्रार मागे घेतो म्हणाला. मी समजावलं की ही शेजाऱ्यांची भांडणं नव्हेत, असं मागे घेता येत नाही.

‘तिची नोकरी जावी असं नव्हतं हो मनात,’ तो म्हणाला. ‘तो मामा नाही, एवढं कुणीतरी लेखी द्यावं. बस, तेवढंच पाहिजे होतं मला.’

ते लेखी मीच दिलं. लाचेची मागणी नाही, गैरफायदा नाही, म्हणून फौजदारी गुन्हा उभा राहिला नाही. मात्र ‘सदर इसम लोकसेविकेच्या नातेवाइकांत मोडत नाही’ हे वाक्य माझ्या अहवालात आहे, आणि त्याच वाक्यावर विभागीय चौकशी लागली. आयुष्यात मी शेकडो अहवाल लिहिले. त्यांतलं हे एक वाक्य पूर्ण खरं असूनही मला अजून सलतं.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. बहीण-भाऊ म्हणवून किती जणांनी किती खाल्लं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नव्या भरतीच्या मुलामुलींना मी आजही सांगतो, माया असेल तिथं आधी कळवा, कारण माया असली की कळवायचं सुचत नाही. नियमाला माणूस दिसत नाही, ते काम आपलं, असं मी समजत होतो. या प्रकरणात मला तिन्ही माणसं स्वच्छ दिसत होती आणि एकालाही मी काही देऊ शकलो नाही.

चौकशीत साक्ष द्यायला मी गेलो तेव्हा नुकतीच दिवाळी झाली होती. बाई बाहेरच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी दिवाळी कशी झाली विचारलं. खानावळवाल्याला चौकशी संपेपर्यंत उंबरा चढू नको असं त्यांनीच बजावलं होतं. भायखळ्याचा भाऊ तोंड दाखवत नव्हता.

‘झाली की, साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं.’

भाऊ नसलेल्या बायका तसं करतात. बाईंना दोन होते.