भीमेतलं बेट आणि डावखुरी जाऊ

"एकटीनं व्हतंय व्हय? पल्याड कुणीतरी लागतंय."

शिरूरच्या आठवडी बाजारात एका बाईनं मला हे ऐकवलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि दौंडच्या एका शाळेत नुकतीच लागले होते. पहिल्या पगारातून घोंगडी घ्यायची होती. हाताला टोचणारी, मेंढरांचा वास येणारी ती काळी घोंगडी चाचपत मी सहज विचारलं होतं, "हे सगळं तुम्ही एकट्या करता?" त्यावर ती तसं म्हणाली. शेजारी बसलेली दुसरी बाई डाव्या हातानं घोंगड्यांच्या घड्या घालत होती, ती जोरात हसली.

पुढे मी पुण्यात आले. लग्न झालं नाही. आई होती तोवर घरात दोन कप लागायचे. घोंगडी मात्र प्रत्येक भाड्याच्या खोलीत आणि मग माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्येही आली. यंदाच्या थंडीत ती उजेडात धरली, तर मधोमध विरलेली दिसली आणि ते वाक्य पुन्हा कानात वाजलं. सुट्टी शिल्लक होती. म्हटलं, त्या बाईला शोधू.

शिवाजीनगरहून शिरूरची एसटी पकडलीत तर सकाळी लवकरची पकडा. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत गाडी इतका वेळ उभी राहिली की मी रस्त्याकडेच्या खोल्यांवर वाळत घातलेले कंपन्यांचे निळे शर्ट बघत बसले. शिरूरच्या बाजारात घोंगडीवाल्यांच्या जागी आता प्लॅस्टिकच्या बादल्या आणि खुर्च्यांचा ढीग होता. विकणाऱ्याला त्या दोघी घोंगडीवाल्या बायकांबद्दल विचारलं.

"हौसाबाई आन् सखूबाई? जावा जावा त्या. हौसाबाई ऱ्हाती भीमेतल्या बेटावर, सखूबाई केडगावला लेकाकडं. बोलत न्हाईत एकमेकींशी." मग डोळे मिचकावून म्हणाला, "मेंढीवरनं!"

शिरूरहून न्हावऱ्याला एसटी मिळते, तिथून पुढे जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका. उसाच्या फडांमधून रस्ता नदीवर उतरतो आणि तिथे संपतो. भीमेच्या या काठाला शिरूर तालुका, त्या काठाला दौंड, आणि मधे ते बेट. लांबून बघितलं तर बाभळींचा एक हिरवा ढिगारा.

पलीकडे जायला होडी असेल अशी माझी समजूत होती. होती काहील, गूळ करायची ती मोठी लोखंडी कढई. रशीदमामा ती बांबूनं ढकलत नेतात. मधोमध बसायचं, हलायचं नाही.

"कुनाकडं?" मामांनी विचारलं.

"हौसाबाईंकडं."

"मग घोंगडीच्या कामाला आलाव का भांडन मिटवायला? भांडन असंल तर परतीचं भाडं आत्ताच द्या. मागं एक पावना आलता मिटवायला, रागारागात पवतच गेला."

बेटावर एकच घर आहे. दगडामातीच्या भिंती, वर पत्रा, अंगणात कोंबड्या, दोन शेळ्या, एक म्हातारा कुत्रा आणि जाळीच्या कुंपणात मेंढ्या. पुराच्या वेळी हौसाबाई मेंढ्यांसकट शिरूरकाठी भाच्याकडे जातात, पाणी उतरलं की परत येतात. थोरल्या जाऊबाई त्या, आता पासष्टीच्या असतील. दीर गेला, नवरा गेला, त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. त्यांनी मला ओळखायचं काही कारणच नव्हतं. पण पिशवीतून घोंगडी काढल्यावर त्यांनी तिचा काठ बोटानं उलटा केला आणि म्हणाल्या, "आमचीच हाय. हिकडची बाजू माझी. तिकडची तिची."

मी काठ निरखून पाहिला. मला दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या.

शेळीच्या दुधाचा चहा झाला, बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी झाली. जेवताना एक फाटक्या कानाची मेंढी थेट दारात येऊन उभी राहिली.

"ही बघा चोरीची," हौसाबाई म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा तिच्यापुढे टाकला.

गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी सखूबाईंचा गुडघा गेला आणि मुलानं त्यांना केडगावला नेलं. मेंढ्यांची वाटणी झाली. निम्म्या दौंडकाठी उतरवल्या. उन्हाळ्यात नदी पायउतार झाली तशी सखूबाईंच्या वाट्याची ही कानफाटी आणखी एकीला घेऊन पाण्यातून चालत बेटावर परत आली.

"सखू म्हनली, तूच बोलिवलंस त्यांना. आता मी काय शिट्टी मारली व्हय? माझं तोंड बघा, शिट्टी मारायजोगं हाय का?" त्यांनी हिरड्या दाखवल्या. मी हसले, त्या हसल्या नाहीत. "चोर म्हनली मला. बाजारात, लोकांम्होरं. म्या म्हनलं, जा. तुझ्याबिगर माझी मेंढरं मरत न्हाईत."

अंगणाच्या कडेला दोन खुंटांमध्ये काळ्या सुतांचा लांबच लांब ताणा बांधला होता. विणायच्या आधी उभे धागे असे ताणून त्यांना चिंचोक्यांची खळ पाजतात. ती सुकली की धागा मागावर तुटत नाही. मी हात लावून पाहिला. धागे इतके मऊ होते की माझ्या घोंगडीचे ते नातलग वाटेनात.

"जावळ हाय," हौसाबाई म्हणाल्या. कोकराची पहिली लोकर. "कानफाटीचं कोकरू. मेंढी तिची, म्हंजी कोकरू तिचं, लोकर तिची. घोंगडी करून धाडून देनार रशीदकडनं. मला नगं दुसऱ्याचं. चोर म्हनती!"

"मग झाली का नाही अजून?"

त्यांनी ताण्याच्या दुसऱ्या बाजूकडे हात केला. तिथे कोंबड्या माती उकरत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खळ शिजवली आणि माझ्या हातात एक कुंचा दिला. काम सोपं वाटलं. ताण्याच्या दोन बाजूंना दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, कुंचा खळीत बुडवून धाग्यांवरून ओढायचा आणि एकाच दिशेनं बरोबर पुढं सरकायचं. ऊन लागायच्या आत मधल्या धाग्यांपर्यंत दोघींचे कुंचे पोचले पाहिजेत. हौसाबाई उजव्या हातानं सरसर निघाल्या. त्यांच्या समोर उभी राहून त्याच दिशेला जाताना माझा उजवा हात मात्र प्रत्येक वेळी माझ्याच पोटाला आडवा यायचा. मी मागे पडले. माझ्या बाजूची खळ गोळे धरून सुकली, दहा-वीस धागे एकमेकांना चिकटून दोरी झाले. सोडवायला गेले, तर तुटले.

"ऱ्हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "भाच्याच्या सुनांचंबी असंच झालं. समदी उजव्या हाताची मानसं."

मग खाली बसून तुटलेली सुतं थुंकीनं गाठ मारत त्यांनी सांगितलं, "आमची सासू सखूला बघाया गेली तवा तिनं ना रंग बघितला, ना नाक. पोरगी भाकरी कुठल्या हातानं थापती तेवढं बघितलं आन् सुपारी फोडली. धाकट्यानं आठ दिस तोंड फुगिवलं. सासू म्हनली, तुला बायकू आनली न्हाई, मोठीला जोडीदारीन आनली."

चाळीस वर्षं त्या दोघी रोज असं समोरासमोर चालल्या होत्या. मी मनातल्या मनात माझ्या आयुष्यात तसं कुणी शोधलं, इतका वेळ कुणाचं तोंड माझ्या समोर होतं ते. आईचं, शेवटी शेवटी. मग बराच वेळ मी नुसतीच गाठी मारत राहिले. कुत्रा पायाशी येऊन झोपला. नदीवर दूर कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, तो थांबला तेव्हा कळलं की चालू होता.

निघताना त्यांनी माझी विरलेली घोंगडी ठेवून घेतली. "भोकाला ठिगळ लावते. माझी बाजू न्हाई, तिची बाजू इरलीया."

परत येताना मी मुद्दाम दौंडकाठी उतरले. केडगाव स्टेशनवरून पुण्याची पॅसेंजर मिळते. गाडीला वेळ होता. सखूबाईंचं घर विचारत विचारत सापडलं, स्लॅबचं, रंगीत गेटाचं. त्या ओट्यावर पाय लांब करून डाव्या हातानं शेंगा फोडत होत्या. मी बेटावरून आले म्हटल्यावर त्यांनी मला बस असंही म्हटलं नाही.

"कानफाटी कशी हाय?"

"बरी आहे. कोकरू झालंय."

"मला ठावं हाय. रशीद सांगतो." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "खळ पातळच करती ना अजून?"

मी जावळाबद्दल सांगितलं. घोंगडी त्यांच्यासाठीच आहे, ताणा उन्हात उभा आहे, पलीकडे कुणी नाही, सगळं. त्यांचा हात थांबला.

"नगं मला तिची घोंगडी."

"गुडघ्यामुळं जाता येत नाही का, आक्का?"

"गुडघ्याला काय झालंय? काहिलीत बसायला गुडघा कशाला लागतो?" त्या उठल्या, सून घरात नाही हे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तिनं 'जा' म्हनलं. 'ये' म्हनाया तिचं तोंड झिजतं का?"

बाहेर गाडीची शिट्टी झाली. मी धावत सुटले.

घरी येऊन आता आठवडा झाला. जाणाऱ्यांसाठी सांगते: पाणी उतरल्यावरच जा, डोक्याला रुमाल न्या, मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका आणि हौसाबाईंना वाण्याकडचा साधा गूळ आवडतो. अंगावर पांघरायला माझ्याकडे सध्या विकतची रजाई आहे. ती ऊबदार आहे, टोचत नाही, कशाचा वासही येत नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर एक कप पालथा घातलेला असतो.

खळ फार दिवस टिकत नाही आणि उन्हात ताणलेलं जावळही नाही. हौसाबाई 'ये' म्हणणार नाहीत, सखूबाई त्याशिवाय जाणार नाहीत, हे दोन दिवसांत मला नीट कळलं होतं. तरी काल रविवारी मी केडगावला सखूबाईंच्या नातवाच्या मोबाइलवर फोन लावला. आजीला बोलाव म्हटलं. पलीकडे शेंग फुटल्याचा आवाज आला. नकार मी आधीच ऐकून ठेवला होता, म्हणून एका दमात बोलून टाकलं:

"आक्का, पुढच्या रविवारी मी पॅसेंजरनं येते. माझ्याबरोबर बेटावर चला. त्यांच्याशी बोलू नका, चहासुद्धा घेऊ नका. ताण्याच्या पल्याड नुसत्या उभ्या राहा आणि मला एकदा दाखवा, माझा हात कुठं चुकतो?"