सावंत बाईंनी लपवलेली गोचीड

सावंत बाई खुर्चीवर बसण्याआधी ती रुमालाने पुसून घेत, शिपायाने नुकतीच पुसलेली असली तरी. माणिकपूरच्या आमच्या शाळेत मी नवी लागले त्या दिवशी त्यांनी माझीही खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "आता बस." त्या मराठी शिकवायच्या. वर्गात शिरल्या की आधी मुलांची नखं, मग कॉलर, मग धडा. कुणी मळक्या शर्टात आला तर ओरडत नसत. "चारचौघांत शोभेल असं यावं, राजा," एवढंच म्हणत. त्या 'राजा'नेच पोरगं अर्धमेलं होई.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. नायगावला नव्या टॉवरमध्ये एकट्या राहत. धाकटा भाऊ विनायक सातिवलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर होता. बाईंच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्याने आपली एक दिली. त्यानंतर त्याचं नाव घेताना बाईंचा आवाज खाली येई. "माझ्यात विनूची वस्तू आहे, मीना. जपायला हवी."

आणि त्या जपतही होत्या. शरीराने ती परकी किडनी नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्याच गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होई. डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दी नको, मातीत हात नको, जनावरं तर मुळीच नकोत. आम्ही भेटायला गेलो तर बाई दारातूनच बोलत, तेही मास्क लावून. आवारात भटक्या कुत्र्यांना खायला घालू नये, हा सोसायटीचा ठरावही त्यांनीच मांडला होता.

मग त्यांना ताप आला. डोकं फुटेल असं दुखत होतं. नायगावच्या डॉक्टरांनी तपासलं, मलेरिया नाही, डेंग्यू नाही. हॉस्पिटलात दाखल केलं तेव्हा मनगटांवर लाल पुरळ होतं, ते बघता बघता तळहातांवर आणि तळपायांवर उतरलं. किडनीचे रिपोर्ट बिघडत चालले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुत्रा, मांजर? कुठे गवतात जाणं झालं? काही चावलं होतं का?"

विनायक हसला. "आमच्या ताईच्या घरात पालसुद्धा यायला घाबरते, डॉक्टर."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ग्लानी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायक औषधं आणायला खाली गेला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. हात चटका बसावा इतका तापला होता.

"मीना, दार लोटून घे." मी लोटलं. "आमच्या टॉवरमागे खाडीकाठच्या खाजणाकडे एक म्हातारी कुत्री असते. मी दुपारी तिला पोळी घालते. तिच्या कानात गोचिड्या झाल्या होत्या, त्या मी हातांनी काढल्या. एक मलाही चावली."

"बाई, मग काल सांगितलं का नाही?"

"नायगावच्या डॉक्टरांनीही विचारलं होतं. त्यांनाही नाहीच म्हणाले." त्या भिंतीकडे बघत होत्या. "काय सांगू? सावंत बाईंच्या अंगावर गोचीड निघाली म्हणून? आणि विनूसमोर?"

मग त्या म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता गं. मीच तसं सांगितलं होतं. ती येऊन अंगाला टेकून बसायची."

मी डॉक्टरांना बोलावलं. गुडघ्याच्या मागच्या वळीत मसुरीएवढी काळी खपली निघाली. गोचिडीच्या चाव्यातून जिवाणू अंगात गेले होते. "धडधाकट माणूसही यात आजारी पडतो, पण वेळेवर औषध मिळालं तर उठून बसतो," डॉक्टर म्हणाल्या. "यांच्या अंगात झुंजायला ताकद फार थोडी. आधी कळलं असतं तर..." औषध साधंच होतं, लगेच सुरू केलं.

विनायकला मी सांगते म्हटलं तर बाईंनी मान हलवली. त्या स्वतः बोलल्या, सगळं. त्याने ऐकून घेतलं, हातातली औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. बाई घरी जाईपर्यंत तो रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसत होता. आत आला नाही.

ताप उतरला. बाई वाचल्या. किडनी मात्र सावरली नाही.

पुन्हा डायलिसिस सुरू झालं. रिक्षाने त्या एकट्या जात, कधी मी सोबत असे. शेजारच्या खाटेवर एक मुलगी असायची. तिला तिची आई किडनी देणार होती. एकदा बाई तिला म्हणाल्या, "डॉक्टर विचारतील ते सगळं सांगत जा. मी एक गोचीड लपवली आणि भावाची किडनी घालवली." बोलताना कानापर्यंत लाल झाल्या होत्या. पुढेही नवीन पेशंट आला की त्या हे सांगत. सरावाने ते सोपं झालं, असं कधी दिसलं नाही.

एका सकाळी आम्ही रिक्षाची वाट बघत गेटपाशी उभ्या होतो. विनायकची स्कूटर समोर येऊन थांबली. किती तरी आठवड्यांनी तो आला होता.

"तू येऊ नकोस रे विनू," बाई पदर चाळवत म्हणाल्या. "तुला तोंड दाखवायची लाज वाटते मला."

त्याने हेल्मेट पुढे केलं. "मग नको दाखवू गो. मागेच बसायचंय तुला."

त्याच्या खांद्याला धरून बाई मागे बसल्या.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल. शेवटपर्यंत तोच त्यांना नेत-आणत होता. जेवलीस का, पाणी किती प्यायलीस, सगळं विचारायचा. बाई नीट उत्तरं द्यायच्या, पण त्याच्याकडे बघून बोलताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.