सिस्टरांना न सांगितलेलं

मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं मी दर गुरुवारी सिस्टरांबरोबर डोंगराखालच्या एका वाडीवर जात होते. सिस्टर केरळच्या, कॉन्व्हेंटमधल्या नर्स. मराठी त्यांना जेमतेम यायचं. बायकांचं बोलणं इंग्रजीत सांगणं हे माझं काम. आमच्या मोहोपाड्याच्या कॉलनीत मी कुणाशी बोलत नसे; इथे तरी बोलेन, असं वडिलांना वाटलं असावं.

दवाखाना म्हणजे आंब्याखाली उभी केलेली जीप आणि मागच्या फळीवर मांडलेल्या बाटल्या. रांगेत बाया-पुरुष एकत्रच. एकदा माझ्याच वयाची एक बाई पुढे आली आणि हळूच मला म्हणाली, "बाय, तिसरा महिना हाय. आठ दिस अंगावरनं लाल जातंय. त्यांना सांग."

"आटप गं, आमाला बी दुखनी हायत," मागून एक म्हातारा म्हणाला. पुरुष हसले. शेजारी आमचा ड्रायव्हर होता, त्याला इंग्रजी कळायचं. असलं काही मी आईशीसुद्धा बोलले नव्हते. मी सिस्टरांना सांगितलं, तिला अशक्तपणा वाटतो. त्यांनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.

दोन गुरुवारांनी तिची सासू आली. मूल गेलं होतं. सुनेला बैलगाडीतून कर्जतला नेलं म्हणून ती तरी वाचली. "तिनं तुला सांगितलं व्हतं ना गं?" सासू म्हणाली. तेवढं सोडून बाकी सगळं मी इंग्रजीत सांगितलं.

"त्या दिवशी ती आणखी काही बोलली होती?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही, सिस्टर."

सिस्टर जीपच्या पायरीवर बसल्या. चूक माझीच, म्हणाल्या, मी खोदून विचारायला हवं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी कॉन्व्हेंटमधली जुनी चादर आणली. फांदीला बांधून आडोसा केला आणि तेव्हापासून प्रत्येक बाईला त्याआड नेऊ लागल्या. चादरीच्या गाठी मी बांधत असे. दर वेळी वाटे, आज सांगू.

पुढच्या वर्षी ती सून पुन्हा आली. काय होतंय, मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. सिस्टरांचा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला आणि बोटांनी महिने दाखवले. जाईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

"तुझ्यासारखीच लाजाळू आहे," सिस्टर नंतर म्हणाल्या.

मी हो म्हटलं.