गाळलेलं पान

माझ्याकडून धडा म्हणवून घेणं हे बाबांचं काम होतं. पुस्तक त्यांच्या हातात, मी समोर उभी, हात मागे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की ते ओळीवर बोट ठेवून "हं?" म्हणायचे. मराठी चौथीपासून हे चाललेलं. कॉलेजात कुणी असं घडाघडा पाठ म्हणत नाही, हे त्यांना सांगायची माझी टाप नव्हती. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत इंटरचा इतिहाससुद्धा इंग्रजीत पाठच व्हायचा.

त्या इतिहासात फ्रान्सचा एक जुना राजा होता. नाव लांबलचक, म्हणून आमच्यात तो नुसता 'राजा'. अकराव्या वर्षी गादीवर बसला, कारभार चुलत्यांनी बळकावला. मोठा होऊन त्यानं चुलत्यांना घरी बसवलं, लोक खूश झाले. मग एका उन्हाळ्यात रानातून फौज चालली असता कुणाच्या हातून भाला खणकन पडला, आणि राजा तलवार उपसून आपल्याच माणसांवर तुटून पडला. पुढे तीस वर्षं तो मधूनच शहाणा, मधूनच बायकोलाही न ओळखणारा. आपण काचेचे आहोत, कुणी हात लावला तर फुटू, म्हणून कपड्यांत लोखंडी कांबी शिवून घ्यायचा. चुलते परत आले. राज्याची पार वाट लागली.

त्याच वर्षी ऑफिसात शिपायाच्या हातून कपबश्यांचा ट्रे पडला, आणि बाबांनी रूळ उचलून शेजारच्या कारकुनाच्या डोक्यात घातला. रोज ज्याच्या डब्यातली भाजी खायचे, त्याच्या. त्यांना घरी आणून सोडलं. मग ते दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसायचे. चाळीत कुजबुज सुरू झाली, मुलं आमच्या दारावरून पळत जायला लागली. फक्त संध्याकाळी धड्याला बसले की ते पहिल्यासारखे असायचे. तेवढ्या अर्ध्या तासाच्या जिवावर आई आणि मी दिवस काढत होतो.

एका रविवारी संध्याकाळी कुर्ल्याहून थोरले काका आले. मिलमध्ये राबून बाबांना शिकवलं ते त्यांनीच; स्वतःला मात्र इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी वेड्यांच्या इस्पितळात बोलणं करून ठेवलं होतं. आईनं त्यांचे पाय धरले. म्हणाली, "ते धडा घेतात तेव्हा एकदा बघा. मग काय ते ठरवा."

काकांनी आईला उठवलं. मग म्हणाले, "घेऊं दे धडो. नीट घेतल्यान तर रवांदे घरात. माका काय हौस आसा?"

धडा नीट झाला तर बाबा घरीच राहणार होते; मी मुद्दाम राजाचा सोडून दुसरा धडा काढला. बाबांनी पानं उलटली. "कालचा राजा राहिलाय," म्हणाले. इतके शहाणे होते ते त्या दिवशी.

मी सुरू केलं. बालपण झालं, चुलते झाले. रान जवळ आलं तशी मी अडखळले. पडलेला भाला, आपल्याच माणसांवर उगारलेली तलवार, हे बाबांच्या तोंडावर कसं म्हणू? मी ते पान गाळलं आणि थेट पुढच्या लढाईवर गेले.

बाबांचं बोट थांबलं. "हं? मधलं?"

"मधलं काही नाही बाबा."

"राजाला वेड लागतं ते. हे काय इथे."

काकांनी मान वर केली. मी घाबरले, आणि चोराच्या मनात चांदणं तशी पटकन बोलून गेले, "नाही बाबा. पुस्तकात असं काही नाहीये."

बाबांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पानाकडे. लहानपणापासून मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. त्यांनी हळूच पुस्तक मिटलं. "नसेल," म्हणाले. "मलाच दिसलं असेल."

काका उठले. डोळे पुसत, टॅक्सी आणायला म्हणून चपला घालायला लागले. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे नाचवलं. "काका, आहे हो, मीच खोटं बोलले." काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापासाठी बोलतंस, कळता माका." ती अक्षरं त्यांना काय वाचता येणार? इंग्रजी वाचणारं कुणी मिळेल म्हणून मी शेजारी धावले, तर तिथे कुणी दार उघडलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते. अर्ध्या तासात बाबा टॅक्सीत बसले, त्यांना धरावंही लागलं नाही.

इस्पितळात भेटायला सोडलं ते माझी परीक्षा झाल्यावर. बाबा वाळले होते, पण नीट बोलत होते. "राजा आला का पेपरात?"

"आला."

"सगळा लिहिलास?"

"सगळा. रानातलंसुद्धा." मग मला राहवेना. "बाबा, ते पान होतं. मी खोटं बोलले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"होतं?" म्हणाले. "अगं, मी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगून बसलो, की पुस्तकात नसलेलं मला दिसतं."