भरून परत येणारा डबा

रहिमतबीच्या हातचा ब्लाउज एकदा अंगात घातला की दुसऱ्या कुणाचा बसत नाही, असं कोरेगावातल्या बायका म्हणतात. नवरा गेला तेव्हा तिची रुमाना चार वर्षांची होती. शिलाई मशीनवर तिनं पोरीला बारावी केलं. तिची आणि माझी भिंत एकच. मशीन थांबलं की मला कळतं, आता ही चहा ठेवणार.

मयूरीताई नगराध्यक्षा झाल्या तरी तिच्याकडंच यायच्या, पायरीवर बसून चहा प्यायच्या. मी अन् ताई शाळेत एका बाकावर होतो. पण माझ्या दारावरून जाताना त्या नुसती मान हलवायच्या. ईदला रहिमतबी मला शिरखुर्म्याची वाटी द्यायची आणि ताईंकडं मोठा कडीचा डबा न्यायची. कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, ही आपली रीत. माझ्याकडून वाटीत साखर जायची. ताईंकडून डबा भरून यायचा. गूळ, हळद, काय काय. ती झाकण उघडून कौतुकानं दाखवायची, आणि मी 'बरं हाय' म्हणायची.

यंदा ताईंवर गाळेवाटपात लाच घेतल्याची तक्रार झाली. शाबीत काहीच नव्हतं, पण टीव्हीवर दिवसभर 'लाचखोर ताई' चाललेलं. त्याच आठवड्यात रुमानाची सोयरीक पक्की करायला सांगलीहून माणसं येणार होती. मुलगा अमीर, हळदीच्या पेठेत कामाला. आणि आमच्या गल्लीत कॅमेरा आला.

रहिमतबी दार लावून आत बसली. मी दारातच होते. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढं माईक धरला.

"ताईंचं इथं येणंजाणं होतं?"

"व्हय की. हिचा डबा जातो त्यांच्याकडं. आन् भरून परत येतो."

"कशानं भरून?"

मला ठाऊक होतं. तरी मी पदर तोंडाला लावून हसले. "आता ते आमी कसं सांगावं?"

संध्याकाळी तेच दाखवलं. खाली लाल अक्षरात, 'डब्यात दडलंय काय?' खरं सांगते, आधी मला वाटलं, साडी बरी दिसतेय. मग पलीकडचं मशीन थांबलं. चहाची वेळ नव्हती.

सकाळी रहिमतबी फोन घेऊन दारात आली. तिचे डोळे सुजलेले होते. "अमीरची आई हाय. माझं ऐकंना झाल्यात. वैनी, तुमी बोललाय, तुमीच सांगा."

मी फोन कानाला लावून सांगितलं. "गूळ यायचा. हळद यायची. एकदा रुमानाला कंपासपेटी आली."

"मग टीव्हीवर का न्हाई सांगितलंसा?" अमीरच्या आईनं विचारलं.

रहिमतबी माझ्याकडं बघत होती. "जळायची मी," मी म्हणाले. "मला वाटी, ताईंना डबा."

मग त्या बाई म्हणाल्या, "आमच्या गल्लीतबी हाय एक अशी. शुक्रवारी येतो आमी."

त्या वार्ताहरालाही मी फोन केला, गुळाचं सांगायला. तो म्हणाला, "मावशी, त्या बातमीत आता दम न्हाई."

रुमानाचं लग्न झालं. ताईंची केस अजून चालू आहे. त्यांच्या पायरीला आता कुणी पाय लावत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रहिमतबीनं मला जर्द्याची, गोड केशरी भाताची वाटी दिली. दुसऱ्या हातात कडीचा डबा होता.

"ताईंकडं चाललेय. येता का संगं?"

"देवापुढं दिवा लावायचाय," मी म्हणाले. अजून चांगलं ऊन होतं. ती एकटीच निघाली.

मी खिडकीतून बघत राहिले. भर चौकातून ती डबा पदराआड न लपवता चालली होती, आणि माणसं वळून बघत होती. ताईंचं सगळं गेलं म्हणतात. मला मात्र त्या दिवशीही त्यांचाच हेवा वाटला.